लस्टर संकलक

लस्टर संकलक म्हणजे लस्टर या समकालिक प्रोग्रामिंग भाषेतील आज्ञावली तपासून तिचे सी भाषेत रूपांतर करणारे साधन. संकलक, म्हणजेच कंपायलर, सहसा कमांड लाइनवरून चालवला जातो. वापरकर्ता आज्ञा, फाइलचे नाव आणि मुख्य नोडचे नाव टंकतो. संकलक एक तर सी भाषेतील फाइल तयार करतो किंवा आज्ञावली नाकारण्याचे कारण सांगतो. विमानांचे उड्डाण-नियंत्रण, अणुवीज केंद्रांतील संरक्षक यंत्रणा आणि रेल्वे यांसारख्या क्षेत्रांत चुकीच्या प्रतिक्रियेची किंमत मनुष्यहानीने मोजावी लागते. त्यामुळे या साधनाच्या कामात रूपांतराइतकेच नकारालाही महत्त्व आहे. सदोष आज्ञावली यंत्रावर पोहोचण्यापूर्वीच अडवली जावी, असा त्यामागील हेतू आहे.

या लेखातील उदाहरणे रायगड जिल्ह्यातील पेण–रोहा रेल्वेमार्गावर कल्पिलेल्या एका फाटकाची आहेत. ती भाषा समजावण्यापुरती असून त्या मार्गावरील प्रत्यक्ष यंत्रणेचे वर्णन नव्हे.

== पार्श्वभूमी ==

पगारपत्रक तयार करणारी आज्ञावली माहिती घेते, उत्तर देते आणि थांबते. रेल्वे फाटक, उद्वाहक किंवा रासायनिक कारखान्यातील दाबनियंत्रक चालवणारी आज्ञावली मात्र थांबत नाही. बाहेर घडणाऱ्या प्रत्येक घटनेला तिला ठरावीक वेळेत प्रतिसाद द्यावा लागतो आणि घटनांचा वेग ती स्वतः ठरवू शकत नाही. अशा प्रणालींना प्रतिक्रियाशील प्रणाली म्हणतात. डेव्हिड हॅरेल आणि आमिर प्नुएली यांनी १९८५ साली ही संज्ञा रूढ केली.

अशा प्रणालींसाठी १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये तीन समकालिक भाषा आकाराला आल्या. सोफिया अँतिपोलिस येथे जेरार बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस्टेरेल, ग्रनोबल येथे पॉल कास्पी आणि निकोला हाल्बवाक्स यांनी लस्टर, तर रेन येथे आल्बेर बेनव्हेनिस्त आणि पॉल ल गेर्निक यांनी सिग्नल ही भाषा घडवली. एस्टेरेलमध्ये क्रमाने घडणाऱ्या कृती लिहिल्या जातात. लस्टर आणि सिग्नल या भाषांत मूल्यांच्या प्रवाहांमधील संबंध लिहिले जातात. लस्टरचा मुख्य शोधनिबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला.

तिन्ही भाषांच्या मुळाशी समकालिकतेचे गृहीतक आहे. काळ हा एकामागून एक येणाऱ्या क्षणांचा बनलेला आहे, प्रत्येक क्षणी प्रणाली आदाने वाचते आणि प्रदाने त्याच क्षणी तयार असतात, असे मानले जाते. प्रत्यक्षात गणनेला वेळ लागतोच. मात्र पुढील क्षण येण्यापूर्वी ती पूर्ण होत असेल, तर हे गृहीतक व्यवहारात पाळले जाते.

== भाषेचे स्वरूप ==

लस्टरमधील प्रत्येक चल म्हणजे मूल्यांचा अनंत प्रवाह असतो. पहिल्या क्षणी त्याचे एक मूल्य, दुसऱ्या क्षणी दुसरे, अशी ही मालिका चालते. आज्ञावली नोड नावाच्या घटकांची बनलेली असते. नोडमध्ये समीकरणे लिहिली जातात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो, कारण प्रत्येक समीकरण सर्व क्षणांसाठी सत्य असलेले विधान असते.

काळाशी संबंधित दोन क्रिया मूलभूत आहेत. ‘प्री’ ही क्रिया प्रवाहाचे मागील क्षणाचे मूल्य देते. ‘->’ हा बाण पहिल्या क्षणासाठी वेगळे मूल्य ठरवतो, कारण पहिल्या क्षणाला मागील क्षण नसतो.

समजा, फाटकापासून ठरावीक अंतरावर रुळावर संवेदक बसवला आहे. गाडीने तो ओलांडला की ‘आली’ हे आदान त्या क्षणी सत्य होते. गाडीचा शेवटचा डबा फाटकापलीकडे गेला की ‘गेली’ सत्य होते. फाटक बंद ठेवण्याची आज्ञा देणारा नोड पुढील एका समीकरणात लिहिता येतो (क्रियांची नावे मराठीत दिली आहेत):

बंद = आली किंवा ((असत्य -> प्री बंद) आणि (गेली नाही))

गाडी आली असेल, किंवा मागील क्षणी फाटक बंद होते आणि गाडी अद्याप गेलेली नसेल, तर फाटक बंद राहावे, असा याचा अर्थ. पहिल्या क्षणी मागील मूल्याच्या जागी ‘असत्य’ धरले जाते. एकाच क्षणी एक गाडी गेली आणि दुसरी आली, तर ‘आली’ वरचढ ठरते आणि फाटक बंदच राहते.

== कमांड लाइनवरील वापर ==

लस्टरची आज्ञावली साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिली जाते आणि फाइलच्या नावापुढे ‘.एलयूएस’ हा प्रत्यय असतो. येथे आज्ञांची नावे नागरी लिपीत उच्चारानुसार दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात.

ग्रनोबलच्या व्हेरिमाग प्रयोगशाळेच्या साधनसंचाच्या चौथ्या आवृत्तीत हे काम टप्प्याटप्प्याने होते.

* ‘लस-टू-ईसी’ या आज्ञेला फाइल आणि मुख्य नोड यांची नावे दिली जातात. ती मुख्य नोडमध्ये वापरलेले सर्व नोड उलगडून एकच सपाट समीकरणसंच तयार करते. त्याला विस्तारित संकेत म्हणतात.
* ‘ईसी-टू-सी’ ही आज्ञा विस्तारित संकेताचे सी भाषेत रूपांतर करते. ‘-लूप’ हा पर्याय दिल्यास आदाने वाचून प्रत्येक क्षणी प्रतिक्रिया घडवणारी मुख्य आवर्तन-फाइलही मिळते.
* ‘ल्यूसिओल’ ही आज्ञा नोडचे अनुकरण करते. पडद्यावरील कळा दाबून आदाने देता येतात आणि क्षणागणिक प्रदाने पाहता येतात.
* ‘लेसार’ ही आज्ञा एखादा गुणधर्म सर्व शक्य आदानक्रमांसाठी सत्य आहे का, हे तपासते.

सहाव्या आवृत्तीत ‘एलव्ही-सिक्स’ ही एकच आज्ञा असून काम पर्यायांनी ठरते. ‘-नोड’ या पर्यायाने मुख्य नोड निवडला जातो, ‘-टूसी’ने सी भाषेतील फाइल मिळते आणि ‘-एक्झेक’ने संकलन न करता नोड थेट चालवून पाहता येतो.

सर्व टप्पे कमांड लाइनवरून होत असल्याने ते एका आज्ञा-फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवता येतात. आज्ञावलीत बदल झाला की संकलन आणि पडताळणी त्याच क्रमाने पुन्हा करता येते. सुरक्षेशी निगडित प्रकल्पांत कोणत्या मूळ फाइलपासून, कोणत्या पर्यायांनी अंतिम संकेत तयार झाला, याची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी ही पद्धत सोयीची ठरते.

== संकलकाच्या तपासण्या ==

रूपांतर करण्यापूर्वी संकलक पुढील बाबी तपासतो.

; प्रकार आणि व्याख्या
प्रत्येक चलाचा प्रकार जुळला पाहिजे. प्रत्येक प्रदान आणि अंतर्गत चल यांचे नेमके एकच समीकरण असले पाहिजे. समीकरण नसल्यास मूल्य अनिश्चित राहते, दोन असल्यास विसंगती संभवते.

; घड्याळे
काही प्रवाह प्रत्येक क्षणी अस्तित्वात नसतात. उदाहरणार्थ, गाडीचा वेग ती संवेदकावर असतानाच मोजला जातो. वेगवेगळ्या घड्याळांवर चालणारे दोन प्रवाह थेट जोडले, तर मूल्ये साठवण्यासाठी अमर्याद स्मृती लागू शकते. म्हणून संकलक अशी जोडणी नाकारतो.

; आरंभमूल्ये
‘प्री’चे पहिल्या क्षणाचे मूल्य ठरवलेले नसते. ते प्रदानापर्यंत पोहोचू शकते का, हे लस्टर कुळातील काही संकलक तपासतात.

; कार्यकारणचक्र
एखाद्या चलाचे या क्षणाचे मूल्य त्याच चलाच्या याच क्षणाच्या मूल्यावर अवलंबून असेल, तर गणना सुरू कोठून करावी हेच ठरत नाही. लस्टर संकलक असे चक्र शोधून आज्ञावली नाकारतो. चक्रात कोठे तरी ‘प्री’ असेल, तरच ते मान्य होते.

चक्राची अडचण फाटक आणि सिग्नल यांच्या परस्पर कुलूपबंदीत सहज उद्भवते. फाटक बंद असेल तरच सिग्नल हिरवा व्हावा आणि सिग्नल हिरवा असेपर्यंत फाटक उघडू नये, असे दोन नियम आहेत. ते जसेच्या तसे समीकरणांत लिहिले, तर सिग्नल फाटकावर आणि फाटक सिग्नलवर त्याच क्षणी अवलंबून राहते. संकलक चक्राचा दोष दाखवतो.

चक्र तोडण्यासाठी एका समीकरणात ‘प्री’ वापरता येते. सिग्नल फाटकाची चालू स्थिती पाहील आणि फाटक सिग्नलची मागील स्थिती पाहील, असे केले तर रचना सुरक्षित राहते. समजा, मागील क्षणी सिग्नल लाल होता म्हणून फाटक उघडले. त्याच क्षणी सिग्नलला फाटक उघडे दिसते आणि तो लालच राहतो.

नवशिका प्रोग्रामर दोन्ही समीकरणांत ‘प्री’ लावू शकतो. तेथेही चक्र उरत नाही आणि संकलक आज्ञावली स्वीकारतो. परंतु मागील क्षणी फाटक बंद आणि सिग्नल लाल असताना, या क्षणी गाडीसाठी हिरवा सिग्नल आणि रस्त्यासाठी उघडे फाटक अशा दोन्ही मागण्या एकदम आल्या, तर दोन्ही मान्य होतात. सिग्नलला मागील क्षणीचे बंद फाटक दिसते, फाटकाला मागील क्षणीचा लाल सिग्नल दिसतो. हिरवा सिग्नल आणि उघडे फाटक एकाच क्षणी घडते. संकलकाने स्वीकारलेली आज्ञावली निःसंदिग्ध असते, पण ती सुरक्षित असेलच असे नाही. हा फरक लेसारसारख्या पडताळणी साधनाने उघड होतो.

== लेसारद्वारे पडताळणी ==

लेसारमध्ये तपासायचा गुणधर्मही लस्टरमध्येच नोड म्हणून लिहिला जातो. त्याला निरीक्षक म्हणतात. निरीक्षकाचे एकच प्रदान असते आणि ते सदैव सत्य राहिले पाहिजे. फाटकाच्या उदाहरणात निरीक्षकाचे विधान असे: कोणत्याही रुळावर संवेदक आणि फाटक यांच्यामध्ये गाडी असेल, तर फाटक बंद आहे.

कल्पित फाटकावर दोन रूळमार्ग आहेत, असे धरू. पहिल्यावरून पेणहून रोह्याकडे आणि दुसऱ्यावरून रोह्याहून पेणकडे गाड्या जातात. पहिल्या रचनेत दोन्ही मार्गांचे संवेदक एकत्र केले आहेत: कोणतीही गाडी आली की ‘आली’ सत्य, कोणतीही गेली की ‘गेली’ सत्य. दुसऱ्या रचनेत प्रत्येक मार्गासाठी स्वतंत्र नोड असून दोहोंपैकी एकानेही सांगितले तरी फाटक बंद राहते.

| क्षण | घटना | प्रत्यक्ष स्थिती | पहिली रचना | दुसरी रचना |
|---|---|---|---|---|
| १ | काही नाही | दोन्ही मार्ग मोकळे | उघडे | उघडे |
| २ | मार्ग १ वर गाडी आली | मार्ग १ वर गाडी | बंद | बंद |
| ३ | मार्ग २ वर गाडी आली | दोन्ही मार्गांवर गाड्या | बंद | बंद |
| ४ | मार्ग १ ची गाडी गेली | मार्ग २ वर गाडी | उघडे | बंद |
| ५ | मार्ग २ ची गाडी गेली | दोन्ही मार्ग मोकळे | उघडे | उघडे |

चौथ्या क्षणी पहिली रचना फाटक उघडते, तेव्हा दुसरी गाडी अजून यायची असते. एक गाडी गेल्यावर लगेच रस्ता ओलांडू पाहणाऱ्या माणसासाठी नेमका हाच क्षण घातक असतो. लेसार असा दोष आढळल्यास पर्याय दिल्यावर त्याकडे नेणारा घटनाक्रम छापतो.

केवळ चाचण्या घेऊन हा दोष सापडेलच असे नाही. गाड्या एकेक करून सोडल्या, तर पहिली रचना बरोबर वागते. पहिली गाडी जाणे आणि दुसरी येणे एकाच क्षणी घडले, तरीही फाटक बंदच राहते. दोन गाड्यांच्या वेळा ठरावीक प्रकारे एकमेकींत अडकल्या, तरच चूक दिसते. लेसार सर्व पोहोचण्याजोग्या अवस्था पाहत असल्याने तो चाचणीकाराच्या कल्पनाशक्तीवर अवलंबून राहत नाही.

पडताळणीत भोवतालाविषयीची गृहीतके ‘असर्ट’ या शब्दाने लिहिली जातात. उदाहरणार्थ, न आलेली गाडी जाऊ शकत नाही, किंवा एका मार्गावर पहिली गाडी फाटकापलीकडे गेल्याशिवाय दुसरी संवेदकापर्यंत येत नाही. दुसरे गृहीतक महत्त्वाचे आहे. ते मोडल्यास दुसरी रचनाही चुकते, कारण तिच्या नोडला गाड्या आहेत की नाहीत एवढेच आठवते, किती आहेत हे नाही. त्यामुळे लेसारने दिलेली खात्री गृहीतकांइतकीच पक्की असते, आणि ती खरी ठेवण्याची जबाबदारी सिग्नल यंत्रणेवर आणि ती चालवणाऱ्या माणसांवर राहते.

== तयार झालेला संकेत आणि वेळेची मर्यादा ==

संकलकाने दिलेल्या सी संकेताचा गाभा म्हणजे एक प्रतिक्रिया-फलन आणि मागील क्षणाची मूल्ये साठवणारी ठरावीक आकाराची रचना. प्रत्येक क्षणी हे फलन एकदा चालते. त्यात अनिर्बंध आवर्तने नसतात आणि चालू असताना नवी स्मृती मागितली जात नाही. म्हणून एका प्रतिक्रियेला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, याचा अंदाज आधी बांधता येतो.

सुरुवातीच्या काही संकलकांनी आज्ञावलीचे अवस्थायंत्रात रूपांतर करण्याची पद्धत वापरली. असा संकेत वेगवान असतो, पण बूलीय स्मृतिचलांची संख्या वाढली की अवस्था झपाट्याने वाढतात. दहा स्वतंत्र चलांच्या १,०२४ अवस्था होऊ शकतात, वीस चलांच्या दहा लाखांहून अधिक. त्यामुळे सर्व समीकरणे योग्य क्रमाने लावून एकच आवर्तन तयार करण्याची पद्धत अधिक रूढ झाली.

क्षणाची लांबी संकलक ठरवत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. क्षण ५० मिलिसेकंदांचा असेल, तर दोन क्षणांमध्ये ती सुमारे १.४ मीटर पुढे सरकते. क्षण एका सेकंदाचा ठेवला आणि संवेदकाचा संकेत त्याहून कमी काळ टिकला, तर गाडी आल्याची नोंदच राहून जाऊ शकते. समकालिकतेचे गृहीतक प्रत्यक्ष यंत्रावर खरे ठरते की नाही, हे त्या यंत्रावरील वेळेचे विश्लेषण करूनच पाहावे लागते.

== एका स्थानकापलीकडे ==

एका फाटकाची किंवा एका स्थानकाची सर्व आदाने एकाच क्षणी वाचता येतात. पेण आणि रोहा या दोन स्थानकांना मात्र असा सामाईक क्षण नसतो. त्यांच्यामध्ये कासू, नागोठणे आणि निडी ही स्थानके आहेत आणि संदेश पोहोचण्यास लागणारा वेळ निश्चित नसतो. शिवाय रोहा येथे मध्य रेल्वेचा मार्ग संपून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. त्यामुळे पुढील स्थानकाची यंत्रणा वेगळ्या संस्थेच्या ताब्यात असते. संपूर्ण मार्ग एकच समकालिक आज्ञावली मानता येत नाही.

रेल्वेची पारंपरिक कार्यपद्धती हा प्रश्न परवानगीने सोडवते. पुढील स्थानकाकडून ‘लाईन क्लिअर’ मिळाल्याशिवाय मागील स्थानक गाडी सोडत नाही. दोन्ही बाजूंची संमती जुळते, तेवढ्यापुरतीच दोन्ही स्थानके एका घटनेत सहभागी होतात.

संगणकशास्त्रातील याच प्रकारच्या प्रश्नावर मुंबईत महत्त्वाचे काम झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. के. श्यामसुंदर आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एस. रमेश यांनी जेरार बेरी यांच्यासह १९९३ साली ‘संवादी प्रतिक्रियाशील प्रक्रिया’ ही रचना मांडली. तिच्यात प्रत्येक घटक एस्टेरेलमधील समकालिक आज्ञावली असतो. घटकांमधील संपर्क मात्र टोनी होअर यांच्या संवादी प्रक्रियांप्रमाणे दोन्ही पक्ष तयार झाल्यावर होणाऱ्या भेटीने घडतो. घटकाच्या आत समकालिकता आणि घटकांमध्ये असमकालिकता, अशी ही विभागणी आहे. घटकांचे संकलन व तपासणी स्वतंत्रपणे होऊ शकते. घटकांमधील विलंब लपवला जात नाही, तो रचनेचाच भाग मानला जातो.

== संबंधित साधने आणि उपयोग ==

लस्टरवर आधारित स्केड हे औद्योगिक साधन चित्ररूप आकृत्यांतून आज्ञावली लिहू देते. त्याचा केसीजी हा संकेतजनक हवाई वाहतुकीतील सर्वांत कडक सुरक्षा पातळीच्या सॉफ्टवेअरसाठी वापरण्याच्या दृष्टीने प्रमाणित आहे. एअरबसच्या ए-३८० विमानाच्या उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये स्केडचा वापर झाला.

संशोधनक्षेत्रात हेप्टॅगॉन हा लस्टरसदृश भाषेचा संकलक आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विकसित झालेला काइंड-टू हा लस्टर आज्ञावल्यांचे गुणधर्म सिद्ध करण्याचा प्रयत्न करतो. व्हेलुस या संकलकात रूपांतराची अचूकताच कॉक या सिद्धता-साहाय्यकात औपचारिकपणे सिद्ध केलेली आहे. त्याविषयीचा शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. मूळ समीकरणे आणि यंत्रावर चालणारा संकेत यांच्या अर्थात फरक पडत नाही, याची गणिती हमी तेथे मिळते. समीकरणे लिहिताना गाडीचा दुसरा मार्ग विसरला गेला असेल, तर ती चूक मात्र तितक्याच अचूकपणे यंत्रावर उतरते.